मागची खोली, आत्ताच

१

ऑफिसात त्याला सगळे ‘कालपरवा’ म्हणायचे. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच. त्याचं कामच तसं होतं. कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डब्या बसवायची, प्रत्येक खोलीत एक. खोलीत कोणी हललं की डबीवरचा तांबडा दिवा लुकलुकायचा आणि ती वेळ कंपनीकडे जायची. मग दूर कुठेतरी मुलाच्या नाहीतर मुलीच्या फोनवर उमटायचं: स्वयंपाकघर, थोड्या वेळापूर्वी. बाहेरची खोली, आत्ताच. कोरड्या आकड्याचं ‘आत्ताच’ करायचं, ‘काल’ करायचं, ‘परवा’ करायचं, हे काम याच्याकडे.

ऐकायला सोपं वाटतं. पण जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत तारखांशी ज्यानं झटापट केली आहे, त्यालाच त्यातलं दुखणं कळतं. ही बया महिने शून्यापासून मोजते. जानेवारी म्हणजे शून्य! एकतीस मार्चवरून एक महिना मागे जा म्हटलं, तर तिला एकतीस फेब्रुवारी सापडत नाही, म्हणून गुपचूप मार्चच्याच तीन तारखेला आणून सोडते. निघाला मागे आणि घोटाळतोय तिथल्या तिथे. असल्या सगळ्या खोड्या त्याला तोंडपाठ होत्या. कुणी अडलं की “चला, आलं गिऱ्हाईक” म्हणत तो खुर्ची सरकवायचा.

त्याचा स्वतःचा एक नियम होता. आत्ताच्या वेळेतून तेव्हाची वेळ वजा करायची; उत्तर शून्याच्या खाली गेलं, तर शून्यच धरायचं आणि ‘आत्ताच’ लिहायचं. डब्यांची घड्याळं कधीकधी क्षणभर पुढे पळायची, म्हणून ही सोय. प्रोग्राममधली एकच ओळ होती, आणि तिच्या शेजारी त्यानं ऐटीत टीप लिहून ठेवली होती: भूतकाळ कधी वजा नसतो.

पहिल्या डब्या त्यानं बाबांच्या घरात लावल्या होत्या. बाबा जन्मभर विजेचे मीटर वाचत हिंडले. दारावर दोनदा टकटक करायची, हाक द्यायची, “आहे का कोणी घरात?” आणि उत्तर आल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. सवय इतकी अंगात मुरली की स्वतःच्या घरातसुद्धा ते चौकटीवर दोनदा टकटक करून तेच विचारायचे. आई आतून म्हणायची, “आहे की. जातेय कुठे!” मग हे आत. रोजचा खेळ. शेवटी शेवटी आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळली, तेव्हाही हा खेळ चुकला नाही. उत्तर द्यायला तिला वेळ लागायचा, तेवढा वेळ बाबा चौकटीशी उभे राहायचे.

आई गेल्यावर बाबांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“तिथे कशाला डबी?” बाबांनी विचारलं होतं. “त्या खोलीत आता कोण हलणार आहे?”

“आणलीये तर लावू या,” तो म्हणाला आणि लावली.

२

सकाळचा चहा आणि फोनवर बाबांचं घर, हा त्याचा नेम. स्वयंपाकघर, थोड्या वेळापूर्वी. म्हणजे उठलेत, चहा टाकलाय. जिवाला बरं वाटायचं.

“अरे, फोन कर की त्यांना,” बायको म्हणायची. “बाप आहे तो तुझा, पार्सल आहे का, कुठवर पोचलं ते बघायला?”

“फोन केला की म्हणतात पहारा ठेवलास.”

“मग काय चुकीचं म्हणतात?”

त्या सोमवारी चहा ओठाला लावतालावता त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. ती ओळ तो कधी वाचत नसे. गेली दोन वर्षं तिथे एकच मजकूर होता, ‘फार पूर्वी’. आज तिथे लिहिलं होतं: मागची खोली, आत्ताच.

बाबांनी उघडली असेल, त्याला वाटलं. उघडावीच कधीतरी. त्यानं लगेच फोन लावला.

“मागच्या खोलीत होतात का?”

“मी? नाही रे बाबा. चहा गाळतोय. का?”

“कुलूप आहे ना?”

“आहे. किल्ली खिशात आहे. ही काय.” दोऱ्यातली किल्ली फोनजवळ हलवल्याचा आवाज आला. “का, तुझी डबी काय म्हणते?”

“काही नाही. पाल असेल.”

“पालीला कुलपाचं काय,” बाबा म्हणाले आणि हसले.

ऑफिसात पोचल्यावर त्यानं बघितलं. आत्ताच. जेवायच्या सुट्टीत बघितलं. आत्ताच. पाल झाली म्हणून काय दिवसभर नाचेल? इतर खोल्या बिचाऱ्या आपल्या वयानुसार जुन्या होत होत्या, ‘तासाभरापूर्वी’, ‘सकाळी’. ही एक मेली जुनी व्हायला तयार नव्हती.

३

ऑफिसातल्या टेस्टरला सगळे ‘सुई’ म्हणायचे, कारण ती कुठेही टोचायची. कुणाच्याही कामात भोक शोधून द्यायची आणि वर चहा मागायची. तिनं त्याच्या खांद्यावरून स्क्रीनवर नजर टाकली.

“हे सारखं आत्ताच आत्ताच काय लावलंय?”

“सेल उतरला असेल. घड्याळ पुढे पळालंय.”

“किती पुढे?”

“असेल थोडं.”

“असेल म्हणजे? बघितलं नाहीस? बघणार तरी कसा, ती तुझी लाडकी ओळ आहे ना मध्ये. वजा आलं की शून्य. घाण दिसली की सतरंजीखाली!” ती म्हणाली. “काढ ती ओळ आणि बघ.”

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. त्यानं आपल्यापुरती ती ओळ काढली. मागच्या खोलीपुढे तारीख आली. येता रविवार, दुपारी चारच्या सुमारास.

त्यानं आधी स्वतःचा कान धरला. महिन्यात एक मिळवायचं राहिलं असेल. ते बघितलं, मिळवलेलं होतं. परदेशची वेळ घुसली असेल, तीही नव्हती. मग मूळ आकडा हातानं उलगडला, शाळेतल्या मुलासारखा कागदावर भागाकार करत. रविवारच निघाला.

“घड्याळ गेलंय,” सुई म्हणाली. “डबी बदल. त्यात तोंड पाडून बसायला काय झालं?”

“बसलोय कुठे?”

“बघ बाबा. रंग उडालाय तुझा.”

४

दुसऱ्या दिवशी तो नवी डबी घेऊन बाबांकडे गेला. बोळातलं तळमजल्याचं घर: पुढे बाहेरची खोली, बाजूला स्वयंपाकघर, मग अंधारा पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला ते कुलूप. बाबांनी कुलूप काढलं आणि कडी सरकवली. पण आत गेले नाहीत. चौकटीवर दोनदा टकटक केली.

“आहे का कोणी घरात?”

आतून अर्थातच कोणी बोललं नाही. बाबा जरा थांबले, मग बाजूला झाले.

“जा तू. मी नाही येत.”

“या ना.”

“उत्तर आल्याशिवाय आत जायचं नाही. नोकरीत कधी मोडला नाही तो नियम, आता कशाला मोडू?” ते हसत म्हणाले, पण नजर आत नव्हती.

खोलीत बंद कपड्यांचा वास होता. गादी गुंडाळलेली, नुसता लोखंडी पलंग. खिडकीची काच धुळीनं पिवळी पडलेली. जमिनीवर धुळीचा थर, त्यावर एकही पाऊल नाही, पालीचंसुद्धा नाही. त्यानं जुनी डबी काढली, नवी लावली. हात हलवून बघितला. तांबडा दिवा लुकलुकला. नव्या डबीचं घड्याळ त्यानं स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. चोख.

जुनी डबी त्यानं स्वयंपाकघरात लावली. तिथे ती शहाण्यासारखी वागली. बाबा पाणी प्यायले, तिनं ‘आत्ताच’ म्हटलं, आणि जरा वेळानं ‘थोड्या वेळापूर्वी’ म्हटलं. म्हणजे डबीचा दोष नव्हता. नवी डबी मात्र मागच्या खोलीत लावल्यापासून तोंड उघडून एकच सांगत होती: रविवार, चारच्या सुमारास. तीच वेळ, सेकंदाचा फरक नाही.

बाहेर येताना, विज्ञान शिकलेला माणूस मी, असं तो स्वतःला बजावत होता. नोंद म्हणजे झालेली गोष्ट. न झालेल्या गोष्टीची नोंद होत नाही. पण मन ऐकेना. रविवारी दुपारी बाबांना काहीतरी वाटणार, ते एकटेच कुलूप उघडणार, त्या धुळीत पाय घसरणार, आणि त्यानंतर त्या घरातल्या सगळ्या खोल्या ‘काल’, ‘परवा’, ‘फार पूर्वी’ होत जाणार. हेच त्याला दिसत राहिलं.

“बाबा, सामान भरा,” तो म्हणाला. “आठवडाभर माझ्याकडे चला.”

“का रे?”

“नळाचं काम निघालंय बिल्डिंगीत. पाणी नाही येणार.”

“मला कोणी बोललं नाही.”

“मला बोलले.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. लोकांच्या घरी मीटरमध्ये केलेल्या चोऱ्या नजरेनं ओळखणारा माणूस तो. तरी ते पिशवी भरायला लागले.

५

मुलाच्या घरी बाबांना काही कमी नव्हतं. बायकोनं त्यांना खिडकीजवळचा पलंग दिला, उशी दोनदा बदलली. पण पिशवीतले कपडे त्यांनी बाहेर काढलेच नाहीत. सकाळी अंघोळ करून पिशवी मांडीवर घेऊन बसायचे, गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर टकटक व्हायची. “आहे का कोणी घरात?”

“या ना, बाबा,” बायको म्हणायची.

बाबा आत यायचे, पण जरा थांबून. एकदा तिला म्हणाले, “तुमच्याकडे उत्तर देत नाहीत गं.”

“दिलं की! ‘या’ म्हटलं ना?”

“हो हो. दिलंस.” आणि पाणी पिऊन परत गेले.

रात्री तिनं नवऱ्याला धरलं. “का आणलंयस त्यांना? नळबिळ काही नाहीये, मी विचारलं त्यांच्या बिल्डिंगीतल्या शेजाऱ्यांना. रोज मला विचारतात, घरी कधी सोडणार. काय उत्तर देऊ?”

“रविवारपर्यंत थांब.”

“रविवारी काय आहे?”

 खरं सांगितलं असतं तर ते वेड्यासारखं वाटलं असतं, आणि वेड्यासारखं वाटलं की तो स्वतःच ते सोडून देईल अशी त्याला भीती होती. “जीव घाबरतोय माझा,” एवढंच तो म्हणाला. तिनं मग जास्त ताणलं नाही.

रविवार जवळ येत गेला तशी त्याची एक युक्ती पक्की होत गेली. त्या खोलीत त्या वेळी कोणीतरी हलणार आहे ना? मग तो कोणीतरी मीच होतो. मी जातो, हात हलवतो, दिवा लुकलुकतो, नोंद होते. नोंदीला काय, हलल्याशी मतलब. कोण हललं ते डबीला कळत नाही. बाबा इकडे उशीला टेकून बसलेत, आणि विषय संपला. ही युक्ती सुचल्यावर त्याला आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

६

रविवारी जेवणं झाली. बाबा पलंगावर आडवे झाले होते, हात डोळ्यांवर.

“बाबा, मागच्या खोलीची किल्ली द्या. जरा जाऊन येतो घरी. डबीचं काम आहे.”

बाबा उठून बसले. “मीही येतो.”

“नको. लगेच परत येतोय मी.”

“अरे, माझं घर ते. मला घरी जायचंय.”

“उद्या सोडतो. शप्पथ. आज नको.”

 बाबांनी खिशातून दोऱ्यासकट किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि पुन्हा आडवे होत डोळे मिटून म्हणाले, “बरं. तू हो पुढे, मी आलोच.”

“तुम्ही येऊ नका,” तो म्हणाला. बायकोला दारात बजावलं, “त्यांना बाहेर पडू देऊ नकोस. काही झालं तरी.”

“झोपलेत ते,” ती म्हणाली.

घर बंद होतं, आठवडाभराच्या बंद घराचा वास. बाहेर लख्ख ऊन, बोळात कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या. यानं बाहेरचं दार आतून लावून घेतलं, कडी घातली, ओढून बघितली. पॅसेज ओलांडला. कुलूप काढलं. टकटक न करता आत गेला, आणि उगाचच अपराध्यासारखं वाटलं.

धुळीत मंगळवारची त्याचीच पावलं होती. तो डबीसमोर उभा राहिला, पलंगाकडे पाठ करून. फोनवर, ओळ काढलेल्या त्याच्या स्वतःच्या प्रतीत, मागच्या खोलीपुढे वजाचं चिन्ह आणि घटत जाणारा आकडा होता. जरा वेळ होता अजून. त्याला हसूही आलं. सुई बघेल तर म्हणेल, शिकलेला गाढव.

आकडा अगदी थोडा उरला तेव्हा वरची ओळ बदलली. बाहेरची खोली, आत्ताच.

बाहेरचं दार वाजलं नव्हतं. कडी सरकली नव्हती. मग पॅसेजमधून आवाज आला. चप्पल घासटत चालण्याचा, डाव्या पायाला जरा जास्त. हा आवाज तो पाळण्यात असल्यापासून ओळखत होता. कडी घातली होती ना मी? घातली होती. ओढून बघितली होती. मग बाबा आले कसे? बायकोनं सोडलं कसं?

चपला दाराशी थांबल्या. दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून चौकटीवर टेकलेला हात दिसला, बोटं तेवढीच, नखं नीट कापलेली. दोनदा टकटक झाली.

“आहे का कोणी घरात?”

त्याचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. उत्तर द्यायचं नाही. अचानक त्याला सगळं लख्ख कळलं, आणि कळलं म्हणूनच त्यानं तळहात तोंडावर घट्ट दाबला. उत्तर आल्याशिवाय बाबा आत येत नाहीत. कधीच आले नाहीत. मी बोललो नाही, तर ते दाराशीच थांबतील, कंटाळतील, मागे फिरतील, जिथून आले तिथे, खिडकीजवळच्या त्या पलंगावर. फिरा बाबा. फिरा ना. त्यानं श्वाससुद्धा रोखला. डबीवरचा दिवा विझलेलाच होता.

बाहेर कोणी हललं नाही. बाबा थांबले होते, पूर्वी थांबायचे तसे. उत्तराला वेळ लागतो हे माहीत असल्यासारखे.

त्याच्या पाठीमागे लोखंडी पलंग करकरला.

“आहे की,” पाठीमागून कोणीतरी म्हणालं. आवाज दमलेला होता, पण खुशीतला. “जातेय कुठे!”

तांबडा दिवा लुकलुकला. फटीतली बोटं दाराच्या कडेवर आली आणि दार आत ढकललं जाऊ लागलं. त्यानं डोळे गच्च मिटले. त्याच्या बाजूनं, बाही हलेल इतक्या जवळून, कोणीतरी आत गेलं.

हातातला फोन वाजायला लागला. बायको होती. मी चहा घेऊन गेले, ती म्हणत होती, हाक मारली, हलवलं, उठतच नाहीत रे, बाबा उठतच नाहीत.

७

डॉक्टर म्हणाले झोपेतच गेले, काही त्रास झाला नसेल. चारच्या आसपास. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, भाग्यवान, मुलाच्या घरी गेले. तो मान हलवायचा. आतल्या आत मात्र एकच वाक्य त्याला कुरतडत होतं: मला घरी जायचंय. आठवडाभर सांगत होता तो माणूस. मी सोडलं असतं, तर निदान आपल्या पायांनी, आपल्या बिछान्यावर गेला असता. माझ्या शहाणपणापायी त्याला हे असं जावं लागलं.

कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं काढलेली ओळ आपल्या प्रतीत परत लिहिली. वजा आलं तर शून्य.

“परत घातलीस?” सुईनं विचारलं. यावेळी तिनं टोचलं नाही. “आणि ती टीप? भूतकाळ कधी वजा नसतो?”

“ती नको,” तो म्हणाला.

ते घर त्यानं विकलं नाही, डब्याही काढल्या नाहीत. सकाळचा नेम अजून आहे. स्वयंपाकघर, फार पूर्वी. बाहेरची खोली, फार पूर्वी. खाली मागची खोली, आत्ताच. महिने लोटले, ऋतू बदलला, तरी आत्ताच. याचा अर्थ एकतर ती दोघं तिथे आहेत आणि हलतात, बोलतात, रोजचा खेळ चालू आहे. तसं असेल तर त्याची काही तक्रार नाही. नाहीतर तिथे पुढची कुठलीतरी तारीख येऊन बसली आहे. ती एक ओळ काढली की कळेल. त्याचा हात कधीकधी तिच्यापर्यंत जातो, आणि परत येतो.

काल सुट्टी होती. दोघं बाजारात जायला निघाले. तो चपला घालून दारात उभा होता, आणि बायको आत केस विंचरत होती.

“तू हो पुढे,” ती आतून म्हणाली, “मी आलेच.”

त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. तो चपलांसकट आत आला, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला, आणि तिचा शेवटचा केस बांधून होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

“अरे, झालंय काय तुला?” ती म्हणाली.

“काही नाही,” तो म्हणाला. “बरोबर जाऊ.”